अंगावरची चादर, अंगाखालची चादर

माझ्या नावापुढे कस्टमच्या कॉम्प्युटरमध्ये एक ओळ आहे. मालाचं चुकीचं वर्णन दिलं, अशा अर्थाची. इंग्रजीत ती आणखी वाईट दिसते. ती ओळ मी लिहिलेली नाही, मान्यही केलेली नाही. ज्या मालाबद्दल ती आहे त्या मालाबद्दल मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. बोललो होतो तो एकच शब्द, आणि तोच नडला.

मी परदेशातून घरगुती कापड आणतो. ब्लँकेटं, टॉवेल, पडदे, सोफ्यावरची कव्हरं. दुकान पंचवटीत, गोदाम आडगाव नाक्याच्या पुढे. लोकांना वाटतं, आयातीचा धंदा म्हणजे स्वस्तात घ्यायचं आणि महागात विकायचं. ते तर भाजीवालाही करतो. आयातीच्या धंद्यात अर्धं काम असतं ते नाव ठेवण्याचं. सरकारी कोष्टकात प्रत्येक कापडाला एकेक घर दिलेलं आहे. पांघरायचं कापड एका घरात, अंथरायचं दुसऱ्या घरात, खिडकीला लटकवायचं तिसऱ्या घरात. घराप्रमाणे कर बदलतो. माल बंदरातून इथल्या कस्टमच्या डेपोत येण्याआधीच तुम्ही सांगायचं असतं की बाबा, हे अमुक घरचं आहे. ते त्यांना पटलं तर गाडी संध्याकाळच्या आत गोदामात. नाही पटलं तर माल डेपोत आणि तुम्ही डेपोच्या बाहेर.

मी घासाघीस करणारा माणूस आहे, हे नाशकात कोणीही सांगेल. नामपूरच्या बाजारात जमिनीवर गठ्ठा सोडून चादरी विकल्या मी. कांद्याच्या लिलावाला आलेले शेतकरी ट्रॉल्यांवर झोपायचे, त्यांना विकल्या. ओझरला विमान कारखान्याच्या पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभं राहून विकल्या. तिथे दोन बोटांत कापड धरून नाक मुरडणारे एकाहून एक वस्ताद भेटायचे, त्यांच्याकडून शिकलो. भावाच्या बाबतीत मी सख्ख्या भावाला सोडत नाही असं माझ्यामागे बोलतात. बोलू देत. पण भाव वेगळा आणि माल वेगळा. भावात दोघंही खोटं बोलतात आणि दोघांनाही ते माहीत असतं. ‘शेठ, एवढ्याला घरात पडत नाही’ हे वाक्य कोणी शपथेवर घेत नाही. मालाबद्दल मात्र मी कधी फसवलं नाही. पॉलिस्टरला लोकर म्हटलं नाही. धुतल्यावर आटेल त्याला ‘आटेल’ म्हणून सांगितलं आणि तरीही विकलं. ही माझी ऐट होती म्हणा, पण एवढी एकच होती.

कस्टमचं कागदी काम एक एजंट बघायचा. माझ्याच वयाचा, शिकलेला, इंग्रजी फाडफाड. पहिला कंटेनर आणला तेव्हापासून तोच. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला शेठ. आमची भांडणं रोजची. त्याच्या घरच्या सत्यनारायणाला मी गेलो नाही असं एकही वर्ष नाही आणि त्याचं बिल मी कापलं नाही असाही एकही महिना नाही. त्याला माझ्या वतीने सही करायचा अधिकार मी लिहून दिला होता. सगळेच देतात. प्रत्येक कागदासाठी कोण धावत जाणार?

त्या वर्षी दिवाळी उरकताच थंडी उतरली. निफाडकडे द्राक्षवाल्यांनी बागांतून शेकोट्या पेटवायला सुरुवात केली की आमच्या दुकानात गर्दी होते, हे ठरलेलं. मी चीनहून एक नवा माल मागवला होता. पातळ, हलका, दोन्ही बाजूंनी लव असलेला पॉलिस्टरचा कपडा. एसीतही चालेल, पहाटेच्या गारव्यातही चालेल. जाड ब्लँकेट घरोघरी झालेलं होतं. हे नवीन होतं. अण्णाने कागदात ‘ब्लँकेट’ लिहिलं. बरोबर लिहिलं. पांघरायच्या घरातलंच होतं ते.

डेपोत तपासणीसाठी कंटेनर उघडला. तपासणारा अधिकारी उत्तरेकडचा होता, नाशकात येऊन काही महिनेच झालेले. चाळिशीचा, शांत, चष्म्यावरून बघणारा. उर्मट अजिबात नव्हता, हे सांगायला हवं. मी सहसा तपासणीला जात नाही. नवा माल बघायची हौस होती म्हणून गेलो. अण्णा कसल्याशा कागदाची झेरॉक्स आणायला फाटकाकडे गेला होता. अधिकाऱ्याने एक पाकीट फोडलं, कपडा बोटांत चोळून बघितला आणि सहज विचारलं,

“ये क्या है, सेठजी?”

“चादर है, साहब.”

“चादर?”

“हां, चादर. एसी में चलता है, ठंडी में भी चलता है. एकदम हलका.” मला वाटलं, घरी न्यायला विचारतोय.

त्याने हातातल्या कागदाकडे बघितलं. “यहां तो ब्लँकेट लिखा है.”

“वही ना. चादर.”

“चादर मतलब बेडशीट.”

“नहीं साहब. चादर मतलब चादर.”

तेवढ्यात अण्णा आला आणि त्याचा चेहरा पडला. “शेठ, तुम्ही गाडीत जाऊन बसा बरं.”

“का? माल माझा आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

आता हे समजून घ्यायला नाशिकचंच, खरं तर बागलाणचंच असावं लागतं. आमच्या घरी चादर म्हणजे अंगावर घ्यायची वस्तू. लहानपणी पहाटे खळ्यावर जायचं तर आई म्हणायची, “थंडी शे, चादर पांघरी ले.” खाली अंथरायची ती सतरंजी नाहीतर गोधडी. पुढे शहरात पलंग आले, गाद्या आल्या, तेव्हा गादीवर घालायला जे आलं त्याला आम्ही बेडशीट म्हणायला लागलो, कारण चादर हा शब्द आधीच अंगावर होता. पुण्याकडे गादीवरही चादर घालतात, हे मला ठाऊक आहे. पण मी पुण्याचा नाही. आणि अधिकारी ज्या मुलखातून आला होता तिथे चादर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बिछाना येतो. पांघरायचं ते कंबल. म्हणजे मी माझ्या तोंडाने, साक्षीदारांसमोर, कागदातलं वर्णन खोटं आहे असं सांगून मोकळा झालो होतो.

कंबल म्हणालो असतो तर संध्याकाळी माल दुकानात असता. पण चादरीला कंबल म्हणायचं कसं? कंबल म्हणजे घोंगडी, जाड. ही पातळ होती. मी खरं बोलायला गेलो.

अधिकाऱ्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. वजनाला हलकी, मापाने पलंगाएवढी, घडी बेडशीटसारखी, पाकीटही तसंच चेनचं. तो म्हणाला, “और आप खुद बोल रहे हैं चादर.”

मी म्हणालो, “साहब, देखो.” आणि शेडच्या फरशीवर आडवा झालो, ती चादर गळ्यापर्यंत ओढून. हमाल हसायला लागले. अण्णाने तोंड फिरवलं. मी खालून ओरडलो, “ये देखो, ऊपर लिया. ऊपर लेने का आइटम है. लव बघा ना याची! दोन्ही बाजूला लव आहे. बेडशीटला लव कशाला लागते?” रागात माझी हिंदी संपते.

अधिकारी हसला नाही. शांतपणे म्हणाला, “अब उठिए. अब इसको बिछाइए.”

मी उठून ती फरशीवर पसरली.

“अब इस पर बैठिए.”

मी बसलो. काय करणार?

“बिछ गई ना?”

इथे माझं डोकं फिरलं. “साहब, तुमचा हा जॅकेट पण बिछ जाएगा! निकालो, मैं बिछा के दिखाता हूं. मग जॅकेटची बेडशीट झाली का?”

हमालांमधला एक जण एवढ्या मोठ्याने हसला की त्याच्या हातातला हूक पडला. अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पेन उघडलं. अण्णा नंतर म्हणाला, तुमच्या जॅकेटने घात केला. मला आजही तसं वाटत नाही. प्रश्न बरोबरच होता. उत्तर त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने लिहायला घेतलं.

निघताना मात्र तो मला म्हणाला, अगदी मोठ्या भावासारखा, “सेठजी, जितनी चादर हो, उतने ही पैर फैलाइए.”

मी तसाच निघालो. द्वारकेच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि मला ते सुचलं. स्टेअरिंगवर हात मारून घेतला मी. अरे, तुझ्याच म्हणीतली चादर अंगावरची आहे! खाली अंथरलेली चादर आखूड असली तर पाय फार तर गादीवर येतील, त्यात बिघडतं काय? पांघरलेली आखूड पडली की पाय उघडे पडतात, थंडी वाजते, म्हणून तर म्हण. आपल्या मराठीत उलट, आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. म्हणजे त्याच्या भाषेत मी बरोबर होतो आणि माझ्या भाषेत तो! मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शिवी घातली तेव्हा गाडी पुढे काढली. परत फिरून डेपोत जाऊन हे सांगावं असं मनात आलं होतं. अण्णाला फोन केला तर तो म्हणाला, “शेठ, म्हणींवर कस्टम चालत नाही. घरी जा, जेवा.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात बसलो. त्याने दोन वाटा समजावून सांगितल्या. एक म्हणजे, आपण लिहून द्यायचं की वर्णन आमच्याकडून चुकलं, माल बेडशीट आहे, आम्हाला नोटीस नको, सुनावणीही नको. मग फरकाचा कर आणि थोडा दंड भरला की लगेच माल बाहेर. दुसरी म्हणजे भांडायचं. नमुना तपासायला जाणार, नोटीस येणार, सुनावणी लागणार, आणि तोपर्यंत थंडी जाणार.

“फरक किती?” मी विचारलं.

“फार नाही. त्याच्याहून जास्त तुम्ही माझ्या बिलात कापता.”

“मग मी भरतो. आत्ता भरतो. पण चुकलं म्हणून लिहिणार नाही.”

“अहो, तसं नसतं ना ते. भरायचं म्हणजे मान्य करायचं.”

“मी खोटं बोललो असं मान्य करायचं?”

“खोटं नाही. चुकीचं वर्णन.”

“अण्णा, मला इंग्रजी कमी येतं, मराठी येतं. वर्णन चुकीचं होतं का?”

“नव्हतं.”

“मग?”

त्याने खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे बघितलं. “शेठ, आयुष्यभर तुम्ही समोरच्याला थोडं खाली आणलंत आणि स्वतः थोडं वर गेलात. एकदा तुम्ही खाली या. काय जातंय?”

भाव असता तर आलो असतो. मी त्याला सांगितलं, सांगितलं म्हणजे टेबलावर हात आपटूनच सांगितलं, की नोटीस येऊ दे. सुनावणी होऊ दे. मी तिथे उभा राहून सांगेन की ही चादर आहे आणि चादर अंगावर घेतात. माल सडला तरी चालेल. त्याने मान हलवली. ती मान ‘हो’ म्हणून हलली असं मी समजलो.

घरी मुलगा वैतागला होता. दुकान तोच बघतो आता. गिऱ्हाइकं नव्या मालाचं विचारत होती, त्याने मोबाइलवर फोटो टाकून ठेवले होते. “पप्पा, थंडी थांबणार आहे का तुमच्यासाठी?” तो म्हणाला.

“तुला काय कळतंय? नाव माझं आहे.”

“दुकानावरही तुमचंच आहे. आणि दुकान रिकामं आहे.”

त्याच आठवड्यात नामपूरला माझे चुलते वारले. दहावं-तेरावं करून मी परत आलो तो थेट गोदामावर. बाहेर टेम्पो लागलेला, हमाल गठ्ठे उतरवतायत, आणि गठ्ठ्यांवर माझ्याच मालाचे शिक्के. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला वाटलं, साहेबाला पटलं. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मुलाला म्हणालो, “बघ! म्हटलं होतं ना? माणूस सज्जन होता. विचार केला असेल त्याने घरी जाऊन.”

मुलगा पाकिटं मोजायचा थांबला. “पटलं नाही, पप्पा. आपण मान्य केलं.”

“काय मान्य केलं?”

“बेडशीट आहे म्हणून. अण्णाकाकांनी लिहून दिलं. मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, टाका करून.”

हमाल उभे होते म्हणून मी तिथून निघालो. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं मलाच ठाऊक नाही. तसाच अण्णाच्या ऑफिसात गेलो. तो उठून उभा राहिला, माणूस मेलेल्या घरच्याला बघून उठतात तसा. चुलत्यांबद्दल दोन शब्द बोलला. मग म्हणाला, “पोचला ना माल?”

“तू काय लिहून दिलंस?”

“नेहमीचंच लिहितात ते. छापील असतं जवळजवळ.”

“मी नको म्हटलं होतं.”

“तुम्ही रागात होतात. रागातलं मी कधी धरतो का? धरलं असतं तर आपलं नातं पहिल्याच महिन्यात संपलं असतं.” तो हसला. खरोखर हसला. “शेठ, तुमच्या भल्यासाठी केलं. वर्ष फुकट गेलं असतं.”

“तू माझ्या नावाने लिहून दिलंस की मी चुकीचं सांगितलं.”

“तुमच्या वतीने.”

“वतीने म्हणजे?”

“म्हणजे... तुमच्या वतीने. सही माझी आहे.”

“आणि नाव?”

चहा मागवला होता तो आला. मी घेतला नाही. त्याच्या घरचा, ऑफिसचा, टपरीवरचा, सगळा मिळून किती चहा प्यालो असेन; तो पेला मात्र तसाच राहिला. अधिकाराचं पत्र मी त्याच आठवड्यात रद्द केलं.

माल विकला गेला. सगळा. संक्रांतीच्या आत एक पाकीट उरलं नाही. मेन रोडवरचे व्यापारी येऊन विचारायचे, शेठ, ती पातळवाली चादर आहे का? चादर म्हणायचे. एकानेही, एका गिऱ्हाइकानेही तिला बेडशीट म्हटलं नाही. बायका उघडून बघायच्या आणि पहिली कुठे लावायच्या? गालाला. मुलगा खूश होता. गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघायचा, म्हणजे ‘बघा’ असं. मी बघायचो नाही.

दरम्यान एका वकिलाकडे गेलो. गंगापूर रोडवर त्याचं ऑफिस, एसी इतका लावलेला की चादरच हवी होती. म्हटलं, ती ओळ काढायची आहे. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, “कबुली दिल्यावर अपील कशाचं करणार?”

“कबुली मी दिलेली नाही.”

“तुम्ही अधिकार दिलेल्या माणसाने दिली. कायद्यात ती तुमचीच. पण आता तुम्हाला अडचण काय आहे? माल तर मिळाला.”

सगळे हेच विचारतात. बायकोने विचारलं, जावयाने विचारलं, पंचवटीच्या भाजीबाजारात अण्णा समोरून आला तेव्हा त्यानेही विचारलं. हातात मेथीच्या दोन जुड्या, स्कूटर चालू ठेवून उभा. “अजून राग आहे का शेठ? माल गेला ना सगळा?” मी म्हटलं, “गेला.” तो म्हणाला, “मग झालं तर.” आणि मिटलं असं समजून गेला निघून. मिटलेलं नाही. त्याने माझं नुकसान केलं असतं तर मी विसरलो असतो. धंद्यात नुकसान कोण करत नाही? त्याने मला फायदा करून दिला आणि त्या फायद्यासाठी मी खोटा आहे असं लिहून दिलं. तेही न विचारता, म्हणजे खोटं ठरायला माझी काही हरकत नसणार असं धरून. इतक्या वर्षांत त्याने मला एवढंच ओळखलं होतं.

आणि त्या ओळीचं काम चालू आहे. पूर्वी माझे कंटेनर बहुतेक वेळा न उघडता सुटायचे. आता प्रत्येक उघडतात. कॉम्प्युटर सांगतो, या माणसाचं तपासून घ्या. नवा एजंट चांगला आहे, पण पहिल्याच दिवशी त्याने स्क्रीनवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. ते न विचारणं मला पुरेसं होतं. आता प्रत्येक तपासणीला मी स्वतः जातो. तपासणीच्या शेडमध्ये भिंतीपाशी उभा राहतो.

गेल्या महिन्यात टॉवेल आले. साधे, सुती, आंघोळीचे. आंधळ्याने हात लावला तरी कळावं असे. अधिकारी नवीन, आपलाच, बोलण्यावरून जळगावकडचा वाटला. तरुण, नम्र. गठ्ठ्यावर हात ठेवून मला म्हणाला, “काका, टॉवेलच आहेत ना? तुम्ही सांगा, म्हणजे उगाच फोडाफोडी नको.”

मी म्हटलं, “उघडून बघा.”

“अहो, तुम्ही सांगितलंत तरी चालेल.”

“माझं सांगणं नको. बघा तुम्ही.”

त्याला वाटलं मी चिडलोय. त्याने एजंटकडे बघितलं, एजंटने खांदे उडवले. मग त्याने हमालाला खूण केली. हमालाने पट्टी कापली, प्लास्टिक फाडलं आणि वरचे चार-सहा नग काढून फरशीवर ठेवले.

टॉवेलच होते.